आतली फळी

काल खाडीकाठी दादानं आपल्या फायबरच्या होडीची मागची बाजू कापून उघडली. आतलं प्लायवूड भिजलेल्या पावासारखं बोटानं निघत होतं. बाहेरून मात्र निळा रंग चकचकीत. इंजिन या प्लायवूडच्या फळीच्या आधारानं बसतं. चार दिवसांपूर्वी भर समुद्रात ते बोल्टांसकट उचकटलं आणि दादा पाण्यात फेकला गेला. दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढून घेतलं म्हणून वाचला.

ही फळी बसवणारा कारागीर बघायला आला होता. दादानं विचारलं, "बसवायच्या आधी, पाणी शिरू नये म्हणून प्लायला रेझिन पाजलं नव्हतंस?"

"वरून फायबर मारल्यावर आतलं कोणाला दिसतंय?" तो हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझा भाऊ बुडाला असता!" मी ओरडले. "चालता हो इथून!"

तो गेला, पण त्याचं वाक्य जाईना. किती ठिकाणी ऐकलंय मी ते! शाळेच्या छपराखाली, ओढ्यावरच्या साकवाच्या खांबाशी, नव्या घराच्या भिंतीत. जिथं नजर पोचत नाही तिथंच आपण दुसऱ्याच्या भरवशावर जगतो, आणि नेमकं तिथंच हे लोक हात आखडतात.

दादानं नवी फळी पॉलिश पेपरनं घासली. मी ब्रशनं रेझिन लावू लागले. लाकूड ते पीत होतं, मी पुन्हा लावत होते.

"कडांना जास्त लाव, पाणी तिथूनच शिरतं," दादा म्हणाला. "आणि जरा हळू गं, ब्रश मोडशील."

"मोडू दे," मी म्हटलं.