आताराव

आमच्या दाजींना सगळं मैदान आताराव म्हणतं. तोंडावरसुद्धा. खरं नाव विचारलंत तर निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. मला सांगता येईल, पण मी सांगणार नाही, कारण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःही वळून बघत नाहीत.

त्यांचं काम असं. विमान वर जातं, माणसं त्यातून उड्या टाकतात, पाठीवरची छत्री उघडते. पॅराशूट म्हणायला आमच्यापैकी कुणालाच वेळ नसतो, आम्ही छत्रीच म्हणतो. नवशिक्याच्या हेल्मेटमध्ये एक छोटा रेडिओ बसवलेला असतो आणि खाली मैदानाच्या कडेला दुसरा रेडिओ तोंडाशी धरून दाजी उभे असतात. शेजारी घडीची खुर्ची असते, तिच्यात बसलेलं त्यांना कुणी पाहिलेलं नाही. "डावी ओढ. अजून. सोड. शाब्बास. सरळ ये. पाय जुळव. घाबरू नकोस, जमीन कुठं पळून जात नाही." आणि पाय जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर आले की एकच शब्द: "आता!" त्या शब्दाला दोन्ही हातांतल्या दोऱ्या खालपर्यंत ओढायच्या. छत्री हवेतच दम खाते आणि माणूस पायरी उतरावी तसा गवतावर उतरतो. हा शब्द दाजी रेडिओवर दुसऱ्या कशालाही वापरत नसत. चुकूनही नाही.

लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमचे दाजी शेळीवर बसून उंट हाकायचे. तरुणपणी स्वतः उड्या मारायचे, पण एका वाईट उतरण्यात गुडघा गेला आणि ते कायमचे जमिनीवर आले. मी त्यांचा मेव्हणा. शेडमध्ये छत्र्यांच्या घड्या घालतो. मी घडी घालणार, ते खाली उतरवणार, मधलं ज्याचं त्यानं बघावं, अशी आमची वाटणी.

तो रेडिओ एकतर्फी असतो, हे सांगायला हवं. दाजी बोलणार, वरचा ऐकणार. वरच्याला उत्तर द्यायची सोयच नाही. "असा एक रेडिओ मला संसारात हवा होता," असं दाजी म्हणाले की माझी ताई म्हणायची, "आहे की घरात. फक्त बटण माझ्याकडे आहे."

घरातही त्यांचा तो शब्द चालायचा. गॅसवर दूध ठेवून ताई दुसरीकडे वळली की दाजी पातेल्यावर नजर लावून उभे, आणि साय फुगून काठाला आली की "आता!" ताई न बघता हात लांब करून गॅस बंद करायची. पोरीला सायकल शिकवली तीही तशीच. पोरगी एकुलती एक, काडीसारखी, म्हणून घरात तिला बारकी म्हणतात. दाजी सायकलमागे लंगडत धावायचे, "आता!" म्हणायचे, आणि तिची बोटं ब्रेकवर आवळायची. ब्रेक हा शब्द तिला पुष्कळ नंतर कळला असावा.

तिनं पहिली उडी मारली तेव्हाही खाली दाजीच होते. ती आली, दाजी म्हणाले, हात खाली गेले, ती उतरली. इतकी छान उतरली की दाजींनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. पुढं उड्यांचं शिक्षण संपलं, हेल्मेटमधला रेडिओ निघाला आणि ती आपली आपण उतरायला लागली. दाजी तरीही तिच्या प्रत्येक उतरण्याला ओठातल्या ओठात तो शब्द म्हणायचे. मी शेजारी उभा असलो की मला ऐकू यायचा.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग बारकीला वेगाचं वेड लागलं.

शिकाऊ छत्री मोठी असते, चौकोनी, सावकाश. चुकलात तरी पोटात घालते. तरबेज माणसांची छत्री लहान असते, टोकांना निमुळती, आणि तिला माफ करणं ठाऊक नसतं. जमिनीजवळ आल्यावर मुद्दाम मोठं वळण घ्यायचं, छत्री सूर मारते, वेग साठतो, आणि तो वेग घेऊन गवताला पाय न लावता लांबवर सरकत जायचं. त्याच्या स्पर्धा असतात. बारकीची संघात निवड व्हायची होती आणि त्याआधी तिला दोन छत्र्यांतली एक पक्की करायची होती. एक पिवळी, एक जांभळी. रोज दोन्ही उडवायची, त्याच उंचीवर तेच वळण, आणि उतरली की शेडमध्ये येऊन बोलत सुटायची.

"मामा, पिवळी उघडते ना, दार आपटल्यासारखी. मान दुखते. जांभळी कशी, विचार करत उघडते."

"उघडायच्या वेळी विचार कसला करायचा?" दाजी दारातून म्हणाले. "विचार करणारी छत्री मला नको."

"तुम्हाला कुठं घ्यायचीय, बाबा?" ती हसली. "ऐका तरी. पिवळी वळण संपलं की स्वतःहून वर येते, हातसुद्धा लावायला नको. जांभळी खाली जाते ती जातच राहते. आपण आणू तेव्हाच वर येते. पिवळीला हातानं वळवावं लागतं, जांभळी नुसती कंबर कलली तरी वळते. आणि पिवळीच्या दोऱ्या जरा ओढल्या की लगेच उचलते, जांभळीला सावकाश, शेवटपर्यंत ओढत न्यावं लागतं. ओढलं नीट, तर ती थांबतच नाही!"

"म्हणजे पिवळी स्वतःहून वर येते," दाजी म्हणाले. "मग ठरलं."

"वर येते म्हणूनच वेग घालवते ना."

"घालवू दे की. वेग आपल्याला काय लोणच्याला घालायचाय?"

मी हसलो, बारकी हसली. दाजी हसले नाहीत. ती गेल्यावर ते जांभळीच्या कापडावर हात फिरवत बसले. पलंगाच्या चादरीएवढं ते कापड, आणि त्याच्याखाली आमची पोर लटकणार.

"मला यातलं काही कळत नाही रे," ते मला म्हणाले. "मोठ्या छत्रीखाली माणूस कसा येतोय ते मला डोळे मिटूनही सांगता येईल. ही येते तेव्हा माझे डोळे म्हणतात, संपलं. आणि संपत नाही. ती उभी राहते, हसते. रोज माझे डोळे खोटं सांगतात."

"मग बघू नका. ताई कुठं बघते?" मी म्हणालो. ताई मैदानावर येत नसे, आणि घरावरून विमान गेलं तरी मान वर करत नसे.

"न बघून कसं चालेल?" असं म्हणून ते उठले.

पुढचे दिवस त्यांनी पोरीचं डोकं खाल्लं. जांभळी नको, वळण जरा वर घे, निदान रेडिओ तरी ठेव. शेवटी तिनं हात टेकले. "मामा, बसव रेडिओ माझ्या हेल्मेटमध्ये," म्हणाली. "पण बाबा, एक अट. वारा फिरला किंवा उतरायच्या पट्टीत कुणी आडवं आलं तरच बोलायचं. आणि मी वळण सुरू केलं की तोंडाला कुलूप. कबूल?"

"कबूल," दाजी म्हणाले. लहान मुलाला खाऊ मिळावा तसा चेहरा झाला होता त्यांचा.

आणि त्यांनी ते पाळलं, हे मी शपथेवर सांगेन. वळण सुरू झालं की ते रेडिओ पाठीमागे न्यायचे आणि दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. ओठ हलायचे. अंगठा बटणावर नसायचा.

त्या दिवशी ती जांभळी घेऊन वर गेली होती. मी जीपच्या टपाला टेकून उभा होतो, घड्या संपल्या होत्या. छत्री उघडली, ती फिरत फिरत खाली यायला लागली, आणि मैदानाच्या टोकाची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी अचानक उलटी फिरली. हे सांगणं दाजींचं कामच होतं. त्यांनी रेडिओ तोंडाशी नेला. "बारके, वारा फिरलाय. पलीकडून ये." तिनं ऐकलं, पलीकडे गेली, आणि तिथूनच वळण सुरू केलं. रेडिओ अजून दाजींच्या तोंडाशी होता.

जांभळी खाली आली. ती येतच राहिली. पोरगी छत्रीच्या खाली नव्हती, शेजारी होती, दोघी आडव्या, जमिनीकडे तोंड करून. मला रोजच्यासारखंच वाटलं, म्हणजे रोज वाटायची तेवढीच भीती वाटली.

"आता!"

ओठातल्या ओठात नाही. रेडिओवर.

बारकीचे दोन्ही हात खाली गेले. कमरेपर्यंत, एका दमात, नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवतात तसे. एवढ्या वेगातली छत्री अशी ओढली तर ती थांबत नाही, वर उसळते. ती घराच्या छपराएवढी उंच गेली आणि तिथं तिचा वेग संपला. क्षणभर पोरगी वर नुसती उभी होती. मग छत्रीचं कापड सैल पडलं आणि ती उभ्याउभी खाली आली.

मी जीप कशी काढली मला आठवत नाही. दाजी मागून त्या गुडघ्यावर धावत होते. मी पोचलो तेव्हा बारकी कुशीवर पडली होती, डावा पाय नको त्या बाजूला वळला होता, आणि तिच्या हेल्मेटमधून दाजींचा आवाज येत होता.

"बारके, ऐकतेस का? बारके, हात हलव. ऐकतेस का गं?"

"हो बाबा," ती गवतात तोंड घालून म्हणत होती. "हो. हो बाबा."

त्या रेडिओला उत्तर द्यायची सोय नाही, हे दाजींइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ते विचारत विचारतच आले, अगदी तिच्याजवळ गुडघे टेकेपर्यंत, आणि टेकल्यावरसुद्धा रेडिओतच बोलत होते. तो मला त्यांच्या हातातून सोडवून घ्यावा लागला.

मांडीत सळई घातली, घोट्याला पट्टी आणि स्क्रू. जीव वाचला, यातच सगळं आलं, असं भेटायला येणारे म्हणत होते. उड्यांचं विचारायची कुणाची छाती झाली नाही. बारकीनं एकदा ताई बाहेर गेलेली बघून मला जवळ बोलावलं.

"मामा, मी बरोबर होते. उंची बरोबर होती. अजून थोडं थांबून हळूहळू ओढायचं होतं, मला सगळं कळत होतं. आवाज आला आणि हात गेले. मी नाही ओढलं रे, हातांनीच ओढलं." मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

सांगायची गरज नव्हती. मैदानावरच्या कुणीतरी ती उडी खालून मोबाईलवर टिपली होती, आणि ती दाजींनी पाहिली होती. "ती बरोबर होती," ते दवाखान्याच्या जिन्यात मला म्हणाले. "माझं ऐकलं नसतं तर आज घरी असती. आयुष्यभर ओरडलो, पोरं ऐकत नाहीत, पोरं ऐकत नाहीत. हिनं ऐकलं बघ." आणि ते रडायला लागले. मोठा माणूस रडताना काय करायचं असतं ते मला येत नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

मैदानानं त्यांना सुट्टी दिली. नवशिक्यांना आता दुसराच कुणी उतरवतो, तो "ओढ" म्हणतो. दाजींच्या बोलण्यातून तो शब्दच गेला. "सध्या निघू या," म्हणतात. "या वेळेला चहा होईल का?" म्हणतात. सुरुवातीला मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. मग एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ताईनं दूध ठेवलं आणि सवयीनं पाठ फिरवली. दाजी पातेल्यासमोर उभे. साय फुगली, काठाला आली, आणि ते तोंड उघडं ठेवून बघत राहिले. दूध शेगडीवर सांडलं, जळका वास सुटला. ताई वळली, तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि फडकं घेऊन काही न बोलता पुसायला लागली. माझी ताई काही न बोलता पुसते आहे हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

काल बारकीला पहिल्यांदा चालवायचं होतं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत दोन आडव्या दांड्या असतात, त्यांच्यामध्ये तिला उभं केलं. व्यायाम घेणाऱ्या बाई समोर, मी आणि दाजी भिंतीशी. दाजींना यायचं नव्हतं, तिनंच बोलावलं होतं. दांड्या धरून ती उभी राहिली, घामाघूम. डावा पाय उचलायचा होता. बाई म्हणाल्या, "टाका पाऊल, काही होत नाही, हाड पक्कं आहे." पाय हलेना.

"दुखतंय का?"

"नाही," बारकी म्हणाली. "भीती वाटतेय." विमानातून उड्या टाकणारी पोर, आणि एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर जायला घाबरत होती. तिनं मान वळवली. "बाबा, म्हणा ना."

दाजींनी भिंतीचा आधार सोडला. त्यांना कळलं होतं काय म्हणायचं ते. ते एक पाऊल पुढं आले, छाती भरून श्वास घेतला, ओठ उघडले. मी त्यांच्या शेजारीच होतो. ओठातल्या ओठातसुद्धा काही नव्हतं.

"बाबा, म्हणा की. मी ऐकते."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. परत तोंड उघडलं. बाई घड्याळाकडे बघत होत्या. मला ते बघवेना.

"आता!" मी म्हणालो. चांगलं मोठ्यानं म्हणालो.

बारकीनं माझ्याकडे पाहिलं, मग परत बाबांकडे. तिचा पाय जिथं होता तिथंच राहिला.