दारातला देशभक्त

त्या काळी सोलापुरात सिनेमा संपला की पडद्यावर झेंडा फडकायचा आणि राष्ट्रगीत लागायचं. लोक मात्र नायक-नायिकेची गाठ पडायच्या आतच पायानं चपला चाचपायला लागत. मला याचा भारी संताप यायचा. मी एकवीस वर्षांचा होतो, अंगानं काडी, आणि देशाची निम्मी जबाबदारी आपल्यावर आहे अशी माझी पक्की समजूत होती. शेवटचा प्रसंग आला की मी उठून दारात हात पसरून उभा राहायचो. पहिल्या दोन ओळींनंतर मी स्वतः नुसते ओठ हलवायचो, हे कुणाला कळत नसे.

भवानी पेठेत आमच्या शेजारी एक गिरणी कामगार राहायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि मोर्चा निघाला की खांद्यावर लाल झेंडा. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. लाल झेंडेवाल्यांना देशाचं काही पडलेलं नसतं, हे माझं मत मी त्यांच्याच ओट्यावर बसून, मामींनी दिलेला चहा पीत, त्यांना ऐकवायचो.

“आसंल बाबा,” मामा म्हणायचे. “पण तुज्या देशात आमाला बसाया जागा हाय का, का समद्यांनी उभंच ऱ्हायाचं?”

एकदा दुपारच्या खेळाला मी असाच दार अडवून उभा होतो, तर अंधारातून मामाच लगबगीनं आले.

“सर की रं. घाई हाय.”

मला आयतंच सापडलं. “मामा, देशासाठी एक मिनिट नाही तुमच्याकडं?”

त्यांनी मनात आणलं असतं तर मला एका हातानं उचलून बाजूला ठेवलं असतं. पण तेवढ्यात झेंडा आला आणि ते होते तिथंच ताठ झाले. अख्खं गीत म्हणाले, खड्या आवाजात. संपल्याबरोबर मागून लोंढा आला, सायकल स्टँडवर झुंबड उडाली, आणि त्या गर्दीत मामा दिसेनासे झाले. मी विजयी मुद्रेनं घरी आलो.

संध्याकाळी जेवताना ताटात मामींकडची शेंगाची चटणी होती.

“मामाला आज काम न्हाई मिळालं,” आई म्हणाली. “बदलीवर हायेत न्हवं, कुणी आलं न्हाई तर त्याच्या जागी. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत फाटकावर जो असंल त्यालाच घेत्यात. सायकल निघंना म्हणं स्टँडातनं. थेटरात कुणीतरी येड्यानं दार आडवलं.”

“कोण ते सांगितलं नाही?”

“मामींनी लई इच्यारलं. आंधारात दिसला न्हाई म्हणाले.”

मामांची नजर घारीसारखी होती. मी घास तसाच धरून बसलो. मग म्हणालो, “आई, तो येडा मी.”

आईनं माझ्या ताटातली चटणी उचलून परत वाटीत ठेवली. कोरडी भाकरी गिळताना मला देशाचं एकही वाक्य आठवेना.

पुढं पंधरा दिवसांनी त्याच थेटरात मामा मला चार रांगा पुढं दिसले. शेवटचा प्रसंग आला तसा मी उठलो. मामांनी मान वळवून पाहिलं आणि सुस्कारा सोडला असावा. मी दारात थांबलो नाही. थेट स्टँडवर गेलो, मामांची सायकल ओळखत होतो, ती बाहेर ओढून रस्त्याकडं तोंड करून धरली. आतून राष्ट्रगीत ऐकू आलं तसा सायकल धरूनच ताठ उभा राहिलो. स्टँडवाला म्हणाला, “काय ओ, कंबर धरली का?”

गीत संपलं आणि सगळ्यांच्या आधी मामा धावत आले. सायकल बघितली, मला बघितलं, आणि टांग टाकली.

“व्हईल भोंग्याच्या आत?” मी विचारलं.

“व्हतंय की.” पायडल मारता मारता मागं वळून म्हणाले, “उद्या सकाळी ये ओट्यावर. पुढच्या ओळी शिकीवतो तुला.”