साबुदाण्याचं छत आणि आमचे साडू

जगातली सगळी संकटं छतातूनच खाली येतात, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. समुद्रपूरला त्यांचं सिमेंट-चुन्याचं दुकान. कुणाच्याही घरी गेले की माणसांना नमस्कार करण्याआधी ते वर बघत. एकदा आम्ही नात्यातल्या एका मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो. साडूंनी पोह्यांची बशी हातात धरून छताच्या कोपऱ्यातल्या पोपड्यांची इतकी आस्थेनं चौकशी केली, की मुलीला काही विचारायचं राहूनच गेलं. लग्न जमलं. आमच्याइतकी सभ्य माणसं पाहिली नाहीत, असं मुलीचे वडील पुढे कित्येक वर्षं सांगत.

जुना रंग कोरडा खरवडणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. दिवाळीच्या तोंडावर वर्ध्याच्या रस्त्यानं चालताना कुठून खरवडण्याचा आवाज आला, की ते सरळ त्या परक्या घरात शिरत आणि बादलीभर पाणी मागत. घरच्यांना वाटे, माणूस फारच तहानलेला आहे. दोन ठिकाणी त्यांना सरबत मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या दाणेदार छतात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि नुसतं बघून ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. "झोपलं हाय ना ते? मंग झोपू द्या. वरून पांघरूण घाला. उठवाचंच असंल तर ओलं करून उठवा." आम्ही मागे हसायचो. मीही हसायचो, हे आज लिहिताना जरा जड जातं.

कारण तसं छत माझ्याच घरात होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेत जुनं घर घेतलं. आधीच्या मालकानं हौसेनं बैठकीच्या छतावर काहीतरी फवारून घेतलं होतं. वर बघितलं की साबुदाण्याची उसळ उलटी चिकटवल्यासारखी दिसे. एका कोपऱ्यात ओल धरली होती आणि तिथले दाणे सुटून चहात पडत. आईला दमा. तिचा खोकला वाढला तसे डॉक्टर म्हणाले, घरातली धूळ आधी बंद करा. मी खरवडणारा माणूस ठरवून आलो. साडूंनी तो परत पाठवला.

त्यांनी बेत आखला. ओलीचा कोपरा भिजवून काढायचा, बाकी छताला हात न लावता खालून प्लायवूड ठोकायचं, आणि तोवर आईला समुद्रपूरला त्यांच्या घरी न्यायचं. आई ऐकेना. सुनेच्या बहिणीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे काय! लोक काय म्हणतील? मी नाद सोडला. साडू मात्र आईसमोर मांडी घालून बसले आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "काकू, आमच्या घरच्या मुंगवड्या यंदा बिघडून राह्यल्या. तुमी नाई आल्या तर वर्सभर तसंच खा लागन." आई लगेच पातळं भरायला उठली.

मग कामाला सुरुवात झाली. भर मे महिना. साडूंनी कपाशीसाठी आणलेला कोरा फवारणी पंप पाठीला लावला, त्यात साबणाचं पाणी भरलं, तोंडाला मास्क चढवला. पंखा बंद, आईच्या खोलीच्या दाराला प्लास्टिक. कोपरा भिजवला, सुटला, ओला असतानाच पिशव्यांत बांधून झाला. इथवर सगळं अगदी देखणं. मग प्लायवूड ठोकायला आलेल्या मिस्त्रीला उकाड्यानं घेरी येऊ लागली तेव्हा साडूंनी शांतपणे कूलर लावला. "ओली हवा हाय. धूळ बसवते, उडवत नाई." आमच्या भागातला माणूस कूलरवर देवापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. त्या ओल्या हवेनं खाली सांडून वाळलेले बारके कण उचलले, दाराचं प्लास्टिक फुगवून सोडवलं आणि थेट आईच्या गादीवर नेऊन घातले.

साडूंनी कूलर बंद केला. मला झाडू आणू दिला नाही. खिडकीची जाळी, देवांचे फोटो, पलंगाचे पाय, सगळं त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं, फडकी बदलून पुन्हा पुसलं. गादी बांधून घराबाहेर काढली. तरी त्यांचं समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी ते समुद्रपूरला गेले. आईची परतायची पिशवी भरलेली होती. मी काहीतरी सबब सांगा म्हटलं होतं. त्यांनी तिला सरळ खरं सांगितलं. "काकू, माह्या हातानं चूक झाली. तुमची खोली आता माह्या मनाले पटत नाई. अजून राहून जा."

आईनं पिशवी खाली ठेवली. "राह्यतो न. तुह्या बायकोले माह्यापेक्षा बऱ्या वड्या येते, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

आई पावसाळा लागेपर्यंत राहिली. पुढे दर उन्हाळ्यात ती एसटीनं एकटीच समुद्रपूरला जाई. सबब लागत नसे. मुलगा म्हणून जे मला जमायला हवं होतं ते साडूंना जमलं, याचं वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

शेवटच्या उन्हाळ्यात तिला प्रवास झेपेना, म्हणून तेच आले. पायऱ्या चढताना आता तेही दमत. पलंगाशी खुर्ची ओढून दुपारभर बसले, समुद्रपूरच्या माणसांच्या चहाड्या तिला सांगत. ती हसत होती आणि तिच्या हसण्यात खोकला नव्हता. डोक्यावर पांढरं सपाट छत होतं. साडूंनी त्या दिवशी एकदाही वर बघितलं नाही.