प्रबंधाच्या मागची चिठ्ठी

कुलपात ठेवल्याने ज्ञान सुरक्षित राहते का, हा प्रश्न घेऊन मी काल विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो होतो. जुने प्रबंध संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले करायला ग्रंथपाल शिंदेबाईंना ते लिहिणाऱ्या आम्हा सर्वांची संमती हवी होती. माझा प्रबंध कोरडवाहू गावांतल्या विहिरींवर आहे. दारातच माझे जुने सहकारी देसाईसर भेटले. "सही करू नका हो! फुकट ठेवलंत की कोणीही उचलेल."

बाईंनी कपाट उघडून प्रबंध समोर ठेवला. इथे प्रबंध घरी नेता येत नाही. तिथेच वाचायचा आणि मागच्या चिठ्ठीवर सही करायची. इतक्या वर्षांत चिठ्ठीवर तीन सह्या होत्या. तिन्ही माझ्याच.

"सर, तुम्ही अभ्यासलेल्या गावातल्याच एका मुलीचा फोन आला होता," बाई म्हणाल्या. "इथेच बसून वाचावा लागेल म्हटल्यावर म्हणाली, 'राहू द्या मग.'"

ज्या गावाने मला आपल्या विहिरी दाखवल्या, त्याच्याच लेकीला मी कुलूप दाखवत होतो. उपसली नाही तर विहिरीचे झरे बुजतात, हे तर मीच चौथ्या प्रकरणात लिहिले आहे.

मी संमतीपत्रावर सही केली. देसाईसर बाहेरच उभे होते. "केलीत ना शेवटी? आता बघा, कोणीही उचलेल!"

"उचलू द्या की, सर! त्यासाठीच लिहिला होता."

माझ्या शब्दावर विसंबू नका. जवळच्या ग्रंथालयात एखादा कुलूपबंद प्रबंध मागा आणि मागची चिठ्ठी स्वतः तपासा.