गोलच्या खांबावरचे ग्लोव्हज

दिघोरीकरांनो, आज संध्याकाळी मैदानावर जे जे होते, त्यांनी हे वाचावंच.

आपला फुटबॉल क्लब खालच्या गटात घसरला. आता पुढं काय, यावर आपण भांडत होतो. कुणाला नागपूरचा कोच हवा, कुणाला नवे खेळाडू. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पयले गोलकीपर बदला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आपले गोलकीपर सुखदेवभाऊ गोलमागंच बसून फाटलेली नेट सांधत होते. नेट कसली, त्यांच्याच घरचं मासोळ्या धरायचं जुनं जाळं.

शेवटची गाठ मारून ते उठले. ग्लोव्हज खांबाला टांगले.

"डाव्या खांबाजवळ जमीन खचली हाये. नव्या गोलकीपरले जपून पाय टाकाले सांगजा," एवढंच बोलून निघून गेले.

ग्लोव्हज अजून तिथंच आहेत. ते घेऊन भाऊंच्या दारात कोण जाणार?