टाकीची जागा

त्या शुक्रवारी सकाळी देवापुढे दिवा लावला आणि पोथीऐवजी कपाटातला सातबारा उघडून बसलो. असा तिसरा शुक्रवार जात होता...

गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, माझी चार गुंठे जागा आहे. नोकरी संपली की तिथे छोटं घर बांधायचं, पडवीतून खाडी दिसेल, असं गेली वीस वर्षं इथे मस्कतमध्ये बसून मनात बांधत आलोय. नेमकी तीच जागा नळपाणी योजनेच्या टाकीसाठी हवी होती. तेवढी उंच दुसरी जागा गावात नाही.

पैसे राज्य सरकार देणार, पण जागा ग्रामपंचायतीने मिळवून द्यायची. नाही दिली तर योजना दुसऱ्या गावाला. आमच्या सरपंच म्हणजे माझ्या वर्गमित्राची बायको. फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, वर सरकार पाणी घेऊन उभं, खाली आम्ही हंडे घेऊन उभ्या... आणि मधे तुमचा सातबारा आडवा!"

"वहिनी, सुट्टीवर आलो की बघू," मी म्हटलं. आखातातल्या माणसाचं हे ठरलेलं उत्तर.

"या की. फक्त येताना प्यायचं पाणी तिकडूनच घेऊन या."

मुदत महिनाअखेरची, माझी सुट्टी चार महिन्यांनी. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही... जप करताना माळ हातात राहायची आणि मन सड्यावर.

त्याच आठवड्यात कंपनीने डोंगरातल्या एका गावात पाठवलं. मी साइट सुपरवायझर. तिथला फलज, म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणारा जुना पाट, दुरुस्त करायचा होता. सिमेंट सरकारचं, इंजिनिअर सरकारचा... पण पाणी कधी बंद करायचं ते ठरवणार गावात पाण्याच्या पाळ्या लावणारा म्हातारा. "खालच्या बागेची पाळी होऊ दे, मग," तो म्हणाला. इंजिनिअरने निमूट घड्याळ बघितलं आणि आम्ही सगळे कावा, म्हणजे इकडची कॉफी, पीत बसलो.

बसलो होतो त्या म्हाताऱ्याच्याच अंगणात. पाट अंगणाच्या बरोबर मधून गेलेला. घर एका बाजूला, चूल दुसऱ्या बाजूला. मला राहवलं नाही. इथे मालकाला अर्बाब म्हणतात आणि मोडकी हिंदी बहुतेकांना येते. "अर्बाब, ये जगह किसने दिया?"

"मेरा दादा दिया." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "मेरे को पूछा भी नहीं!" आणि स्वतःच खो खो हसला. तसाच हसत पाटाच्या काठावर बसला, त्या पाण्याने हातपाय धुतले आणि नमाजाला निघून गेला.

मी मात्र जागचा हललो नाही. उद्या माझ्या मुलाला गावात कुणी विचारेल, ही टाकीची जागा कुणी दिली रे?... त्याला असं हसता आलं तर बरं.

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारी अर्धा दिवस रजा टाकली. वकिलातीच्या रांगेत दोनदा मागच्याला पुढे जाऊ दिलं. "भाईसाब, आपको जाना है कि नहीं?" तिसरा वैतागला, तेव्हा कुठे पाय उचलला.

चुलतभावाच्या नावाने मुखत्यारपत्र केलं, म्हणजे तो तिकडे बक्षीसपत्र करून देईल. सही केली, शिक्का घेतला. आज सकाळी पूजा झाल्यावर कागद कुरिअरने गावी पाठवला... चारही गुंठ्यांचा.