वरातीची गाडी आणि वाहेदभाईंचा डावा पाय

चिखलीत वरात निघाली की लोक नवरदेवाकडे बघतात. मी ड्रायव्हरकडे बघतो. माझी बँडपार्टी आहे. क्लॅरिनेट मी स्वतः वाजवतो आणि नाचणाऱ्यांना जोर यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून, उलटा चालत वाजवतो. समोर नाचणारे, त्यांच्या मागे नवरदेवाची गाडी, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. कोणता ड्रायव्हर किती पाण्यात आहे, ते मला चौकही ओलांडायच्या आत कळतं. वाहेदभाईंसारखा दुसरा मी पाहिला नाही.

वाहेदभाई माझे शेजारी. एरवी ते चिखली-बुलढाणा जीप चालवायचे, पण लग्नसराई आली की नवरदेवाची गाडी त्यांच्याच हाती. वरातीत गाडी चालवायची म्हणजे पाऊलभर सरकायचं, थांबायचं, पुन्हा पाऊलभर सरकायचं. क्लच अर्धा दाबून धरायचा आणि तसाच धरून ठेवायचा. नवख्या ड्रायव्हरच्या गाडीत नवरदेव कोंबड्यासारखा मान हलवत बसतो. वाहेदभाईंच्या गाडीत मुंडावळ्याही हलत नसत. ही सगळी करामत डाव्या पायाची, आणि त्या पायाचा त्यांना भारी अभिमान. "गाडी डाव्या पायानं चालते, जानराव. स्टेरिंग तं कोनीबी फिरवते," असं ते मला सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच पायाने दगा दिला. गुडघा झिजला, डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली आणि सायराभाभींनी जीप विकायला लावली. तेव्हापासून वाहेदभाई दिवसभर जीपस्टँडवर बसून दुसऱ्या ड्रायव्हरांच्या चुका काढायचे. हसायचे, टाळ्या द्यायचे, पण माणूस आतून वाळत चालला होता. मला फार वाईट वाटायचं. बोलून दाखवायची मात्र सोय नव्हती, शिव्या खाव्या लागल्या असत्या.

अशात त्यांचा भाचा मोईज एक गाडी घेऊन आला. मोईज जुन्या आलिशान गाड्या घेऊन शौकिनांना विकतो. ही जर्मन, काळी, लांबलचक आणि दोनच दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून आत घुसावं लागे. नाशिकच्या एका गिऱ्हाइकाला अशीच गाडी हवी होती, पण हाताने गिअर टाकायची. मोईजने फोटो बघून गाडी घेतली आणि फोटोत गिअर दिसतच नव्हता. गाडी ट्रकवरून उतरते न उतरते तोच गिऱ्हाईक आलं, वाकून पायाशी बघितलं, तर पेडल दोनच. गाडी ऑटोमॅटिक! चहासुद्धा न घेता गेलं.

"या गाड्या जास्ती करून आटोमॅटिकच याच्या," मोईज कपाळाला हात लावून सांगत होता. "नवी घेनाऱ्या शेठले पायाले त्रास नको व्हता. आता जुनी घेनारा म्हनते, मले हातगिअरच पाहिजे. हातगिअरवाल्या आल्या मोजक्या, आन ज्याच्यापाशी हाये तो इकत नाही."

वाहेदभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "क्लच नाही, त्याले गाडी म्हनते का बे? सोफा हाये सोफा! बसा अन् झोपा." हा निकाल त्यांनी जीपस्टँडवर जाऊन सगळ्यांना ऐकवला. ऑटोमॅटिक काढून हातगिअर बसवायचा सल्लाही त्यांचाच. सहदेव मिस्त्री तयार झाला, फक्त त्याने बजावलं की खालून पत्रा कापावा लागेल आणि एकदा कापला की गाडी पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. "काप," वाहेदभाई म्हणाले. हा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

मग गाडी वाहेदभाईंच्या दारात ठेवून मोईज आणि सहदेव गिअरबॉक्स आणायला अकोल्याला गेले, आणि त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या उकंडरावांच्या ज्ञानेश्वरचं लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला. अर्ध्या वाटेत मला जळका वास आला. भाड्याच्या गाडीचा क्लच जळाला होता. धूर निघाला, करवली रडायला लागली, ज्ञानेश्वर भर उन्हात शेला सावरत रस्त्यावर उभा राहिला. उकंडराव धावत वाहेदभाईंच्या दारात, आणि त्यांच्या मागे क्लॅरिनेट घेऊन मी.

"वाहेदभाई, ते काळी गाडी काढा. माही इज्जत चालली."

"मी नाही चालवत तो सोफा," वाहेदभाई फणकारले. "आन माहा गुडघा?"

सायराभाभी दारातच उभ्या होत्या. "तिले क्लचच नाही, तं गुडघ्याले काय व्हते?" त्या म्हणाल्या आणि आत जाऊन किल्ली घेऊन आल्या.

करवलीला आणि आत्याबाईंना सीट पाडून मागे कोंबलं, नवरदेव पुढे बसला. गाडी हलली, आणि वाहेदभाईंच्या डाव्या पायाने सवयीने क्लच दाबला. क्लच कुठला! तिथे होता रुंद ब्रेक. गाडी जागीच ठप्प. ज्ञानेश्वरचा फेटा समोरच्या काचेला, आत्याबाई करवलीच्या मांडीवर. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. लोक खो खो हसायला लागले. मला वाटलं, आता हे उतरून घरी जातात.

ते उतरले नाहीत. त्यांनी डावा बूट काढला, खिडकीतून नवरदेवाच्या मामाच्या हातात दिला आणि गुडघा कुरकुरला तरी डावा पाय सीटवर पोटाशी दुमडून घेतला. बिचारे मामा पूर्ण वरातभर तो बूट धरून नाचले.

मी वाजवायला सुरुवात केली. ब्रेकवरचा पाय जरा उचलला की गाडी आपणहून नाचणाऱ्यांच्या चालीने सरके, जरा दाबला की थांबे. हिसका नाही, धक्का नाही. वाहेदभाईंचा चेहरा मला समोरून दिसत होता. आधी कपाळावर आठ्या, मग तोंड उघडं, आणि मग लहान मुलाला जत्रेत सोडावं तसं हसू. ज्या कामासाठी त्यांनी गुडघा झिजवला, ते काम ही गाडी बसल्या बसल्या करत होती. माझ्या क्लॅरिनेटचा सूर दोनदा घसरला. लोकांना वाटलं, मी पिऊन आलोय.

मारुतीपाशी पोचलो तर वाहेदभाई खिडकीतून ओरडले, "जानराव, आखीन एक चक्कर माराची का?" चक्कर मारली. मुहूर्त टळला. आमच्याकडे तो तसाही टळतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोईज आणि सहदेव गिअरबॉक्स घेऊन हजर. वाहेदभाई बादली घेऊन गाडी धूत होते. धुऊन झाली, पुसून झाली, तरी पुन्हा धुवायला लागले. सहदेवने पान्हे मांडले.

"सांगा नं त्याले," मी हळूच म्हटलं.

"काय सांगू? समद्या स्टँडवर हिले सोफा म्हनून आलो मी."

सहदेव जॅक लावायला वाकला तेव्हा मात्र ते मध्ये आडवे झाले. "थांब. कापू नको."

"काऊन मामू?" मोईज चक्रावला. "तुमीच तं कापाले सांगतलं."

एवढा तोंडाळ माणूस, पण हातातला फडका पिळत उभा राहिला. आतून सायराभाभी बाहेर आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मोईजकडे.

"बेटा, ते नाशिकवाल्याले नको, तं आमाले पाहिजे हे गाडी. काल येऊन यायनं भाकर मांगून खाल्ली. दोन वर्सं झाले, रोज अर्धी ताटात सोडून उठते हा मानूस. मी ते अर्धी उचलतो रोज, मले ठाऊक हाये."

मोईजने सहदेवला मानेने खूण केली. सहदेवने पान्हे गोळा केले.

वाहेदभाई फडका तसाच धरून माझ्याजवळ आले. "हे पाहून राह्यली व्हती बे रोज," ते म्हणाले. "मले वाटे, कोनाले समजत नाही."